फ्लायव्हीलचे वजन आणि गिअरबॉक्सचा खडखडाट : मोटारगाडीतील शांततेचा तांत्रिक इतिहास

सारांश

मोटारगाडीच्या इतिहासात वेग, शक्ती आणि इंधनाची बचत या तीन अंगांची नोंद विपुल प्रमाणात झाली आहे. त्या मानाने गाडीच्या आवाजाचा इतिहास दुर्लक्षित राहिला आहे. प्रस्तुत निबंधात फ्लायव्हील आणि क्लच या दोन घटकांच्या आधारे या इतिहासाचा एक भाग मांडला आहे. हलके फ्लायव्हील बसवल्यावर गिअरबॉक्समधून येणारा खडखडाट हा त्याचा मध्यवर्ती प्रश्न आहे. हा खडखडाट हलक्या फ्लायव्हीलने निर्माण होत नाही. इंजिनात तो आरंभापासून दडलेला असतो आणि त्याला दाबून ठेवण्याचे काम वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या भागांकडे सोपवले गेले, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : फ्लायव्हील, क्लच, पिळाची कंपने, अनुस्पंदन, गिअरबॉक्सचा आवाज, तंत्रज्ञानाचा इतिहास.

प्रस्तावना

गाडी उभी आहे, गिअर न्यूट्रलमध्ये आहे, इंजिन मंद गतीने चालू आहे आणि गिअरबॉक्सच्या बाजूने डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येत आहे. क्लचचे पेडल दाबताच तो आवाज थांबतो आणि पेडल सोडताच पुन्हा सुरू होतो. कारखान्यातून आलेले जड फ्लायव्हील काढून हलके बसवलेल्या गाड्यांमध्ये हा अनुभव सर्वसामान्य आहे. अशा वेळी गिअरबॉक्समध्ये बिघाड झाला आहे असा समज सहज होतो. गिअरबॉक्स उतरवला जातो, बेअरिंगे बदलली जातात, खर्च होतो आणि आवाज मात्र कायम राहतो.

या चुकीच्या निदानामागे केवळ यंत्रज्ञानाचा अभाव आहे असे म्हणता येत नाही. एखादा भाग गाडीत का आला, त्याच्यावर कोणकोणती कामे कालांतराने लादली गेली आणि तो काढल्यावर यांपैकी कोणती कामे अनाथ होतात, याची ऐतिहासिक जाण नसणे हेही त्याचे एक कारण आहे. यंत्राच्या प्रत्येक भागाला स्वतःचा इतिहास असतो. तो इतिहास दुरुस्तीच्या टेबलावरही उपयोगी पडतो. हे दाखवणे हा प्रस्तुत निबंधाचा प्रमुख उद्देश आहे. त्यासाठी पुढील तीन उद्दिष्टे समोर ठेवली आहेत.

१. फ्लायव्हीलच्या कार्यात १८८६ पासून झालेली वाढ क्रमाने पाहणे.
२. गिअरबॉक्समधील खडखडाटाची कारणमीमांसा ऐतिहासिक क्रमाने करणे.
३. हलक्या फ्लायव्हीलमुळे प्रकट होणारा आवाज कमी करण्याच्या उपायांचे मूल्यमापन करणे.

फ्लायव्हीलचे मूळ प्रयोजन

फ्लायव्हील या शब्दासाठी मराठीत 'प्रचक्र' ही पारिभाषिक संज्ञा आहे. तथापि कारखान्यात आणि गॅरेजमध्ये 'फ्लायव्हील' हाच शब्द रूढ असल्याने येथे तोच वापरला आहे. त्यामागील तत्त्व यंत्रयुगापेक्षा कितीतरी जुने आहे. कुंभार आपल्या चाकाला काठीने गती देतो आणि काठी बाजूला ठेवून निवांतपणे घडा घडवतो, कारण दिलेली गती चाकाच्या जडपणात साठून राहिलेली असते. मिळणारी प्रेरणा तुटक असावी आणि होणारे काम मात्र अखंड असावे, ही अपेक्षा जेथे जेथे निर्माण होते तेथे जड चाकाची गरज भासते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स वॉट याने वाफेच्या इंजिनाची पुढेमागे होणारी हालचाल चक्राकार गतीत रूपांतरित केली तेव्हा हीच गरज नव्या स्वरूपात पुढे आली. क्रँकचे पेटंट १७८० मध्ये जेम्स पिकार्ड याने घेतलेले असल्याने वॉटने १७८१ मध्ये 'सूर्य आणि ग्रह' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दंतचक्रांच्या रचनेचे पेटंट घेतले. रचना कोणतीही असली तरी दट्ट्याच्या हालचालीच्या दोन्ही टोकांना प्रेरणा शून्य होते. ते क्षण पार करून नेण्यासाठी जड फ्लायव्हील आवश्यकच होते.

निकोलाउस ओटो याने १८७६ मध्ये चार धावांचे इंजिन यशस्वी केले आणि फ्लायव्हीलवरील भार कित्येक पटींनी वाढला. या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, प्रत्येक सिलिंडर एकदाच शक्ती देतो. उरलेल्या तीन धावांत तो शक्ती घेतो. कार्ल बेंझ याने २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या तीनचाकी गाडीसाठी पेटंटचा अर्ज केला, तिचे ९५४ घन सेंटीमीटरचे एकसिलिंडर इंजिन मिनिटाला सुमारे ४०० फेरे करीत असे. याचा अर्थ मिनिटाला २०० स्फोट, म्हणजे दर ०.३ सेकंदाला एक धक्का. मधल्या काळात गाडीला ओढणारे दुसरे काही नव्हते. म्हणून बेंझच्या गाडीच्या मागे एक मोठे, उघडे फ्लायव्हील आडवे बसवलेले दिसते. उभे फ्लायव्हील आपल्या घूर्णनामुळे गाडी वळवण्यास अडथळा करील, अशी भीती त्यामागे होती. इंजिन सुरू करण्यासाठीही हेच चाक हाताने फिरवावे लागे.

महाराष्ट्रातील विहिरींवर पूर्वी सर्रास दिसणाऱ्या मंदगती डिझेल इंजिनांची उघडी जड चाके ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना बेंझच्या रचनेतील तर्क समजावून सांगण्याची गरज नाही. स्फोट कमी आणि संथ असतील तर चाक जड असलेच पाहिजे.

फ्लायव्हीलवर आलेली नवी कामे

बेंझच्या गाडीत आजच्या अर्थाने क्लच नव्हता. पट्टा मोकळ्या कप्पीवरून घट्ट कप्पीवर सरकवून गाडीला गती दिली जाई. फ्रान्समध्ये पानार आणि लेव्हासोर यांच्या १८९१ च्या गाडीत इंजिन पुढे, त्यामागे घर्षण क्लच, नंतर दंतचक्रांचा गिअरबॉक्स आणि शेवटी मागील चाके अशी मांडणी आली. पुढे अनेक दशके मोटारगाडीची रचना प्रामुख्याने याच मांडणीवर उभी राहिली.

फ्लायव्हीलच्या दृष्टीने हा बदल फार महत्त्वाचा होता. शंकूच्या आकाराचा क्लच फ्लायव्हीलच्या आतील उतरत्या पृष्ठभागावर जाऊन बसत असे. त्यावर चामड्याचे अस्तर असे आणि ते मऊ राहावे म्हणून त्याला तेल द्यावे लागे. अशा रीतीने फ्लायव्हील हे घर्षणाचा पृष्ठभाग बनले आणि घर्षणातून निघणारी उष्णता शोषून घेण्याचे कामही त्याच्याकडे आले. पुढे शंकू क्लचची जागा सपाट तबकडीच्या क्लचने घेतली, तरी फ्लायव्हीलची ही भूमिका कायम राहिली. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग याने विकसित केलेला विजेचा स्टार्टर आला आणि फ्लायव्हीलच्या कडेवरील दात्यांना तिसरे काम मिळाले. गती साठवणे, क्लचला पृष्ठभाग आणि उष्णतेला जागा देणे व इंजिन सुरू करणे अशी तीन कामे १९१२ पर्यंत एका चाकात एकवटली.

ही कामे एकमेकांपासून भिन्न आहेत. वजन कमी केले असता तिसऱ्या कामावर परिणाम होत नाही, दुसऱ्यावर काही प्रमाणात होतो आणि पहिल्यावर पूर्णपणे होतो. या भिन्नतेकडे दुर्लक्ष झाल्यानेच 'फ्लायव्हील हलके केले तर बिघडते काय' या प्रश्नाला एकच एक उत्तर शोधण्याचा प्रयत्न वारंवार झालेला दिसतो.

'शक्तीचा खडखडाट' : एका आवाजाचे नामकरण

विसाव्या शतकाच्या आरंभी सिलिंडरांची संख्या वाढवून गाडी शांत करण्याचा मार्ग अवलंबण्यात आला. सिलिंडर सहा झाले की स्फोटांमधील अंतर कमी होते आणि फ्लायव्हीलवरील अवलंबनही कमी होते. इंग्लंडमधील नेपियर कंपनीने १९०४ च्या सुमारास सहा सिलिंडरांची गाडी व्यापारी तत्त्वावर बाजारात आणली. तथापि सहा सिलिंडरांसाठी क्रँकशाफ्ट लांब करावा लागला आणि लांब क्रँकशाफ्ट पिळला जाऊ लागला. स्फोटांची कंप्रता शाफ्टच्या स्वाभाविक कंप्रतेशी जुळली की अनुस्पंदन घडते. अशा वेळी विशिष्ट वेगाला गाडीतून मोठा खडखडाट येत असे. नेपियरच्या विक्रीची धुरा वाहणारे एस. एफ. एज यांनी या आवाजाला 'शक्तीचा खडखडाट' असे नाव देऊन त्याचे समर्थन केले, असे मोटारींच्या इतिहासात सांगितले जाते.

ही घटना गमतीदार वाटली तरी तिच्यातून एक गंभीर मुद्दा पुढे येतो. आवाज हा दोष आहे की गुण, हे कानावर पडणाऱ्या कंपनांवरून ठरत नाही. ऐकणाऱ्याची अपेक्षा आणि विकणाऱ्याची भाषा हेही ते ठरवतात. पुढे शर्यतीच्या गाड्यांच्या बाबतीत याच मानसिकतेची पुनरावृत्ती झाली.

तांत्रिक उत्तर मात्र भाषेने मिळणारे नव्हते. फ्रेडरिक लँचेस्टर याने १९१० च्या सुमारास पिळाच्या कंपनांसाठी शामक तयार केला. त्यात क्रँकशाफ्टच्या पुढील टोकाला एक छोटे दुय्यम चाक बसवलेले असून ते घर्षणाच्या आधारे ओढले जाते. शाफ्ट थरथरला की हे चाक आपल्या जडत्वामुळे थरथरण्यास नकार देते. दोघांमध्ये घर्षण होते आणि कंपनांची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते. हेन्री रॉईस यांनीही त्याच काळात सहा सिलिंडरांच्या इंजिनासाठी याच स्वरूपाची रचना वापरली होती आणि श्रेयाबाबत दोन पक्षांत मतभेद राहिले. श्रेय कोणाचेही असो, एक गोष्ट स्पष्ट होते. शांततेची जबाबदारी एकाच जड चाकावर न टाकता ती दुसऱ्या, लहान आणि घर्षणयुक्त भागाकडे वाटून देण्याची कल्पना येथे रुजली.

क्लच प्लेटमधील स्प्रिंगा आणि सिंक्रोमेश

दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात क्लच प्लेटच्या रचनेत महत्त्वाचा बदल झाला. प्लेटचा घर्षणाचा भाग आणि मधला खाचेदार भाग एकमेकांना सरळ न जोडता त्यांच्यामध्ये छोट्या गुंडाळी स्प्रिंगा बसवल्या जाऊ लागल्या. इंजिनाचा धक्का प्रथम स्प्रिंगांवर येतो आणि सौम्य होऊन गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टला पोहोचतो.

याच काळात, १९२८ मध्ये, कॅडिलॅकने अर्ल थॉम्पसन याची सिंक्रोमेश रचना उत्पादनात आणली. गिअर बदलताना दाते एकमेकांवर आपटून होणारा आवाज यामुळे थांबला. परंतु सिंक्रोमेशची एक अट होती. क्लच दाबल्यावर क्लच प्लेट आणि इनपुट शाफ्ट यांची गती चटकन जुळवून घेता आली पाहिजे, म्हणून गिअरबॉक्सच्या बाजूचे फिरते वजन कमीत कमी असले पाहिजे. परिणामी जडपणा सगळा इंजिनाच्या बाजूला आणि हलकेपणा सगळा गिअरबॉक्सच्या बाजूला अशी विभागणी पक्की झाली. पुढील खडखडाटाचे बीज या विभागणीत आहे.

त्याचे स्पष्टीकरण असे. आधुनिक गिअरबॉक्समध्ये सर्व दंतचक्रांच्या जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्या असतात. निवडलेली जोडी सोडून इतर जोड्यांतील एक चक्र शाफ्टवर मोकळे फिरत असते. दाते फिरण्यासाठी त्यांच्यामध्ये थोडी मोकळीक ठेवणे अपरिहार्य असते. इंजिनाची गती प्रत्येक स्फोटाबरोबर किंचित वाढते आणि पुढील स्फोटापर्यंत किंचित घटते. हा चढउतार क्लचमधून इनपुट शाफ्टवर येतो. मोकळ्या चक्राला त्याचे जडत्व मागे खेचते आणि तेलाचा ओढा त्याला दात्यांशी टेकवून ठेवतो. जडत्वाचा जोर तेलाच्या ओढ्यापेक्षा अधिक झाला की दाता एका बाजूहून सुटतो, मोकळीक ओलांडतो आणि दुसऱ्या बाजूवर आपटतो. सेकंदाला अनेकदा होणारी ही आपटाआपट म्हणजेच खडखडाट होय. क्लच दाबल्यावर इनपुट शाफ्ट थांबतो, म्हणून आवाजही थांबतो.

तेलसंकट आणि शांततेची नवी मागणी

१९७३ आणि १९७९ च्या तेलसंकटांनी मोटारउद्योगाचे प्राधान्यक्रम बदलले. इंधन वाचवण्यासाठी आयडलिंगची गती खाली आणली गेली. कमी फेऱ्यांवर गाडी चालवण्याचा कल वाढला. घर्षण घटवण्यासाठी गिअरबॉक्समध्ये पातळ तेले आली. १९७६ मध्ये आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ डिझेलने लहान प्रवासी गाडीत डिझेल इंजिन रुजवले. डिझेलमध्ये संपीडन अधिक असल्याने प्रत्येक धक्का अधिक तीव्र असतो. त्याचबरोबर गाडीचा आकार वाऱ्याला कमी विरोध करणारा झाल्याने वाऱ्याचा आवाज घटला आणि पूर्वी त्यात बुडून जाणारे यंत्राचे आवाज प्रवाशांना ऐकू येऊ लागले. एक आवाज कमी झाला की दुसरा उघडा पडतो, हा अनुभव या काळाने ठळकपणे दिला.

चार सिलिंडरांच्या इंजिनात एका फेरीत दोन स्फोट होतात. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे २७ स्फोट होतात, १२०० फेऱ्यांवर ४० आणि २४०० फेऱ्यांवर ८०. पारंपरिक फ्लायव्हील आणि स्प्रिंगांची क्लच प्लेट असलेल्या प्रणालीची स्वाभाविक कंप्रता साधारणपणे याच ४० ते ८० च्या टापूत येते. स्प्रिंगेने जोडलेल्या दोन वजनांच्या प्रणालीत स्वाभाविक कंप्रता मुख्यतः हलक्या वजनावरून ठरते आणि गिअरबॉक्सची बाजू हलकी ठेवण्याची प्रथा पडलेली होती. त्यामुळे अनुस्पंदन नेमके रोजच्या चालवण्याच्या वेगात येत असे.

यावरील उत्तर वजनाची फेरवाटणी करून शोधण्यात आले. जर्मनीतील ब्यूल येथे १९६५ मध्ये स्थापन झालेल्या लुक या क्लच बनवणाऱ्या कंपनीने १९८५ मध्ये युरोपात दुहेरी वस्तुमानाच्या फ्लायव्हीलचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. यात फ्लायव्हीलचे दोन भाग केलेले असतात. एक भाग क्रँकशाफ्टला जोडलेला असतो, दुसरा क्लचसह गिअरबॉक्सच्या बाजूला असतो आणि दोघांमध्ये लांब, मऊ स्प्रिंगा असतात. गिअरबॉक्सच्या बाजूचे वजन वाढले, जोडणी मऊ झाली आणि स्वाभाविक कंप्रता आयडलिंगच्याही खाली गेली. इंजिन सुरू करताना आणि बंद करताना तेवढे अनुस्पंदन ओलांडावे लागते. क्लच दाबल्यावर दुसरे वस्तुमान फ्लायव्हीलच्या बाजूलाच राहते, त्यामुळे सिंक्रोमेशवर भारही पडत नाही. १९२८ च्या अटीतून निर्माण झालेला पेच सुमारे अर्ध्या शतकानंतर या युक्तीने सुटला.

हलक्या फ्लायव्हीलचा तर्क

शांततेसाठी जडपणा वाढत असताना शर्यतीच्या क्षेत्रात उलटा प्रवाह वाहत होता. त्यामागील गणित साधे आहे. फिरत्या भागाचे जडत्व गाडीच्या वजनात किती भर घालते, हे एकूण गिअर गुणोत्तराच्या वर्गावर अवलंबून असते. उदाहरणादाखल फ्लायव्हीलचे जडत्व ०.०४ किलोग्रॅम वर्गमीटरने कमी केले, पहिल्या गिअरचे एकूण गुणोत्तर १२ आणि चाकाची त्रिज्या ०.३ मीटर धरली, तर प्रवेगाच्या दृष्टीने गाडी सुमारे ६४ किलोग्रॅमने हलकी झाल्यासारखी वागते. वरच्या गिअरमध्ये एकूण गुणोत्तर ३.३ धरल्यास हाच लाभ सुमारे ५ किलोग्रॅम उरतो. म्हणजे हा फायदा खालच्या गिअरांत आणि गिअर बदलताना इंजिनाचे फेरे चटकन वरखाली करण्यात आहे. महामार्गावर एका गतीने जाणाऱ्या गाडीला तो जवळजवळ मिळत नाही.

या द्वंद्वाचे बोलके उदाहरण पोर्शे ९११ च्या '९६४' या पिढीत सापडते. या पिढीच्या सर्वसाधारण गाड्यांत दुहेरी वस्तुमानाचे फ्लायव्हील होते. १९९२ च्या कॅरेरा आर.एस. या हलक्या आवृत्तीच्या मूळ स्वरूपात मात्र एकसंध हलके फ्लायव्हील बसवले गेले, तर त्याच आर.एस.च्या टूरिंग स्वरूपात दुहेरी वस्तुमानाचे फ्लायव्हील ठेवले गेले. एकाच कारखान्याने एकाच नावाच्या गाडीत दोन भिन्न ग्राहकांसाठी दोन भिन्न उत्तरे दिली. जो वेगासाठी गाडी घेतो त्याला खडखडाट चालतो, जो प्रवासासाठी घेतो त्याला चालत नाही. 'शक्तीचा खडखडाट' हे नाव या वेळी कोणी दिले नाही, पण भाव तोच होता.

आवाज कमी करण्याचे उपाय : एक मूल्यमापन

हलके फ्लायव्हील बसवलेल्या गाडीत आवाज कमी करावयाचा असेल तर वरील इतिहासातील प्रत्येक टप्पा एकेक उपाय सुचवतो.

प्रथम निदान. पेडल दाबल्यावर थांबणारा आवाज बहुधा मोकळ्या दंतचक्रांचा असतो. इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा आवाजही पेडल दाबल्यावर थांबतो, परंतु त्याचे स्वरूप सलग घरघरीचे असते. उलट पेडल दाबल्यावरच सुरू होणारा आवाज रिलीज बेअरिंगकडे निर्देश करतो. वेगाबरोबर वाढत जाणारी आणि संपूर्ण गाडीत जाणवणारी थरथर ही फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्या संतुलनाची बाब असून तिचा खडखडाटाशी संबंध नाही.

दुसरा उपाय क्लच प्लेटचा आहे. हलक्या फ्लायव्हीलबरोबर शर्यतीची स्प्रिंगविरहित प्लेट बसवली तर धक्का अडवणारा शेवटचा भागही नाहीसा होतो. त्याऐवजी स्प्रिंगांची, आणि शक्य तेथे आयडलिंगसाठी वेगळा मऊ टप्पा असलेली प्लेट निवडणे श्रेयस्कर ठरते. दुहेरी वस्तुमानाचे फ्लायव्हील काढून एकसंध बसवताना तर हे अत्यावश्यक आहे, कारण तशा गाडीची मूळ प्लेट अनेकदा स्प्रिंगांशिवाय असते. तिच्या स्प्रिंगा फ्लायव्हीलमध्ये गेलेल्या असतात. जुन्या प्लेटसह नवे एकसंध फ्लायव्हील बसवणे म्हणजे दोन्हीकडच्या स्प्रिंगा काढून टाकणे होय.

तिसरा उपाय आयडलिंगची गती वाढवण्याचा आहे. इंजिनाचा धक्का तेवढाच राहिला असे धरल्यास गतीतील चढउताराचे प्रमाण जडत्वाच्या आणि गतीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. एकूण जडत्व निम्मे झाले तर पूर्वीइतकी सुरळीतता येण्यासाठी ८०० ऐवजी सुमारे ११३० फेरे ठेवावे लागतील. खडखडाट केवळ या प्रमाणावर ठरत नसल्याने प्रत्यक्षात १०० ते १५० फेऱ्यांची वाढही जाणवण्याजोगा फरक करू शकते. परंतु इंधन आणि उत्सर्जन यांचा विचार करता हा मार्ग फार लांबवर नेता येत नाही.

चौथा उपाय तेलाचा. दाट तेल मोकळ्या चक्रांवरील ओढा वाढवते आणि आपटणे घटवते. मात्र थंड हवेत तेच तेल सिंक्रोमेशच्या कामात अडथळा आणते. म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेतच त्याची निवड व्हावी.

येथे एका धोक्याचा उल्लेख आवश्यक आहे. मूळचे ओतीव लोखंडी फ्लायव्हील लेथवर कातून हलके करण्याची प्रथा जुनी आहे. २८ सेंटीमीटर व्यासाच्या फ्लायव्हीलची कड मिनिटाला ७००० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे १०० मीटर वेगाने धावते आणि तीवरील ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. अयोग्य ठिकाणी कातलेले ओतीव लोखंड या ताणाखाली फुटू शकते आणि त्याचे तुकडे क्लचचे आवरण भेदून बाहेर येऊ शकतात. आवाजाचा त्रास सहन करता येतो, याची जोखीम घेता येत नाही. हलके फ्लायव्हील हवेच असेल तर ते त्यासाठीच घडवलेले, पोलादाचे किंवा पोलादी घर्षण पृष्ठभाग असलेले अॅल्युमिनियमचे असावे.

शांततेची किंमत

दुहेरी वस्तुमानाच्या फ्लायव्हीलने शांतता आणली, पण तिचे आर्थिक स्वरूपही बदलले. एकसंध फ्लायव्हील हा जवळजवळ गाडीच्या आयुष्याइतका टिकणारा भाग होता. पृष्ठभाग खराब झाला तर तो कातून पुन्हा बसवता येई आणि हे काम तालुक्याच्या गावातील लेथवरही होत असे. नव्या फ्लायव्हीलमधील स्प्रिंगा, ग्रीस आणि घर्षणाचे भाग झिजतात आणि सामान्यतः संपूर्ण भागच बदलावा लागतो. शांततेचा खर्च अशा रीतीने कारखान्याच्या दारातून निघून दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या खिशावर येतो. एकसंध फ्लायव्हीलकडे परत जाण्याचा कल अनेकदा शर्यतीच्या हौसेतून नव्हे, या खर्चातून निर्माण होतो. अशा मालकाला आवाजाची पूर्वकल्पना देणे आणि प्लेटची योग्य जोडी सुचवणे ही दुरुस्ती करणाऱ्याची व्यावसायिक जबाबदारी ठरते.

दरम्यान तंत्रज्ञान पुढे सरकत राहिले. १९३० च्या दशकात विमानांच्या त्रिज्यीय इंजिनांत वापरली गेलेली लंबकाची युक्ती २००० च्या दशकाच्या अखेरीस मोटारीच्या दुहेरी फ्लायव्हीलमध्ये आली. यातील छोटे लंबक इंजिनाच्या गतीबरोबर आपली कंप्रता आपोआप जुळवून घेतात आणि स्फोटांच्या विरुद्ध दिशेने झुलतात. कमी वजनात अधिक शांतता देणारी ही रचना तीन सिलिंडरांच्या आणि मंद गतीवर अधिक जोर देणाऱ्या इंजिनांना उपयुक्त ठरली.

विजेच्या मोटारीत स्फोटच नसल्याने हा सारा प्रश्न मुळातून नाहीसा होतो. तथापि तेथे दुसरा प्रश्न उभा राहिला. मंद गतीने जाणारी नि:शब्द गाडी पादचाऱ्यांना, विशेषतः दृष्टिहीनांना, धोकादायक ठरू लागली आणि युरोपीय संघाने जुलै २०१९ पासून विजेच्या गाड्यांच्या नव्या प्रकारांना कृत्रिम आवाज करणारी यंत्रणा बंधनकारक केली. शतकभर आवाज घालवण्यासाठी झटलेल्या उद्योगाला आवाज निर्माण करण्याचे काम करावे लागले.

निष्कर्ष

१. फ्लायव्हील हे मूळचे गती साठवणारे चाक असून १८९१ ते १९१२ या काळात त्यावर घर्षण, उष्णता आणि इंजिन सुरू करणे ही कामे येऊन पडली. वजन कमी करण्याचा परिणाम प्रत्येक कामावर वेगळा होतो.

२. गिअरबॉक्समधील खडखडाट इंजिनाच्या तुटक प्रेरणेतून आणि दात्यांमधील अपरिहार्य मोकळिकीतून उद्भवतो. हलके फ्लायव्हील त्याचे कारण नसून त्याच्यावरील आवरण दूर करणारा घटक आहे.

३. लँचेस्टरचा शामक, क्लच प्लेटमधील स्प्रिंगा, दुहेरी वस्तुमान आणि लंबक या सर्व टप्प्यांत शांततेची जबाबदारी एका भागाकडून दुसऱ्याकडे सोपवली गेली. जो एका ठिकाणचे वजन काढतो त्याने दुसऱ्या ठिकाणी लवचिकता किंवा घर्षण देणे क्रमप्राप्त आहे.

४. आवाज सदोष आहे की निर्दोष, याचा निर्णय सामाजिक अपेक्षा आणि आर्थिक परिस्थिती यांवरही अवलंबून असतो. म्हणून त्याचे निदान करताना गाडीच्या रचनेबरोबरच तिच्या वापराचा आणि मालकाच्या गरजेचा विचार व्हावा.

गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी क्लचचे पेडल एकदा दाबून पाहावे, हा गॅरेजमधील साधा संकेत आहे. त्यामागे सव्वाशे वर्षांचा अनुभव साठलेला आहे. तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे अध्यापन शोधांच्या सनावळीपुरते मर्यादित न ठेवता अशा संकेतांचा अर्थ उलगडण्यापर्यंत नेले, तर अभियांत्रिकी, इतिहास आणि वाणिज्य या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना त्याचा लाभ होईल.